तयार द्रवसाबणास सुगंध व रंग : व्यापाऱ्याची नवी जबाबदारी

गाणगापुरास येणाऱ्या यात्रेकरूच्या दिवसाचा आरंभ स्नानाने होतो. भीमा व अमरजा या नद्यांच्या संगमावरील स्नान, मध्यान्हीची माधुकरी आणि निर्गुण मठातील पादुकांचे दर्शन हा येथील क्रम आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. साहजिकच गंध, अष्टगंध, अत्तर, कापूर, उदबत्ती आणि अंगास लावण्याचा साबण या वस्तूंचा व्यापार येथे आणि आसपासच्या गावी पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अलीकडे मात्र साबणाच्या वडीशेजारी एक नवी वस्तू दुकानाच्या फळीवर येऊन बसली आहे. ती म्हणजे बाटलीतील द्रवसाबण, ज्याला ग्राहक ‘शॉवर जेल’ या नावाने ओळखतो. उतारूंच्या खोल्या चालविणारे मालक तो लहान बाटल्यांत मागतात आणि घरोघरच्या तरुण मंडळींनाही तो हवासा वाटतो.

या मालाचा ‘बेस’, म्हणजे बिनवासाचा व बिनरंगाचा तयार मूळ द्रव, मोठ्या शहरांतून कॅन भरून विकत मिळतो. त्यात आपल्या आवडीचा सुगंध व रंग मिसळावा, बाटल्या भराव्यात आणि आपल्या नावाची चिठ्ठी लावून विक्री करावी, असा विचार आपल्यापैकी अनेक बंधूंच्या व गृहोद्योग करू इच्छिणाऱ्या भगिनींच्या मनात येतो. विचार वाईट नाही. भांडवल थोडे लागते आणि जागाही फार लागत नाही. परंतु हे काम दिसते तितके सोपे नाही, आणि त्यात एक गोष्ट अशी आहे की जिचा उलगडा आरंभीच झालेला बरा. दुसऱ्याचा माल जसाच्या तसा विकणारा तो विक्रेता होय. त्या मालात सुगंधाचा एक थेंब टाकणारा मात्र विक्रेता उरत नाही, तो उत्पादक होतो. ज्या त्वचेवर तो माल लागेल तिची जबाबदारी तेव्हापासून त्याच्याकडे येते. हा लेख त्या जबाबदारीची ओळख करून देण्यासाठी आहे.

पूर्वीची दोन उदाहरणे

साबण एकाने करावा व सुगंधाची विद्या दुसऱ्याकडून घ्यावी, ही पद्धत नवी नव्हे. आपल्याच राज्यातील म्हैसूरचे उदाहरण घ्यावे. पहिल्या महायुद्धामुळे चंदनाच्या लाकडाची युरोपातील निर्यात थांबली व संस्थानात लाकूड साठून राहिले. त्यावर उपाय म्हणून नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या राजवटीत, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या दिवाण असताना, १९१६ साली चंदनतेल येथेच काढण्याचा उपक्रम झाला आणि त्याच तेलाच्या आधारे म्हैसूर संदल साबणाचा जन्म झाला. साबणाची विद्या शिकून येण्यासाठी सोसले गरळपुरी शास्त्री या रसायनशास्त्रज्ञास इंग्लंडास पाठविण्यात आले होते. तेल घरचे होते, कीर्ती जगभर होती, तरी ते साबणात कसे टिकवावे हे शिकून घेण्याची गरज त्या काळच्या जाणत्यांनी ओळखली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दुसरे उदाहरण मुंबईचे. १९२२ साली केळकर कुटुंबाने एस. एच. केळकर आणि कंपनी ही सुगंधी द्रव्यांची पेढी स्थापन केली. साबण, उदबत्ती, तेल, पावडर करणाऱ्या कारखानदारांना त्यांच्या मालास जुळेल असा सुगंध तयार करून देणे हा तिचा व्यवसाय. मुलुंड येथील वझे महाविद्यालयही याच घराण्याच्या शिक्षणसंस्थेचे असून तेथे सुगंधी व सौंदर्यप्रसाधनांच्या विद्येचे शिक्षण मिळते. तात्पर्य असे की सुगंध ही स्वतंत्र विद्या आहे, आणि वडीसाठी केलेला सुगंध उदबत्तीस किंवा उदबत्तीचा सुगंध द्रवसाबणास चालेलच असे नाही.

बेस म्हणजे काय

बाजारात मिळणारा बहुतेक बेस हा खऱ्या अर्थाने साबण नसतो. तेल व कॉस्टिक यांपासून होणाऱ्या साबणाऐवजी त्यात सोडियम लॉरेथ सल्फेट, कोकामिडोप्रोपिल बिटेन अशी मळ सोडविणारी व फेस देणारी द्रव्ये असतात. बाकीचा मोठा भाग पाण्याचा असतो. घट्टपणा येण्यासाठी बहुधा साधे मीठ घातलेले असते आणि जंतू वाढू नयेत म्हणून परिरक्षक, म्हणजे माल टिकविणारे द्रव्य, अल्प प्रमाणात असते. अशा बेसची आम्लता त्वचेस मानवेल अशी, साधारणतः ५ ते ७ पीएचच्या दरम्यान राखलेली असते. खरा द्रवसाबण मात्र अल्कधर्मी, ९ ते १० पीएचच्या आसपास असतो. आपण घेतलेला बेस यांपैकी कोणता, हे विक्रेत्यास प्रथम विचारावे. कारण पुढील रंग व सुगंध या दोहोंची निवड त्यावर अवलंबून आहे.

या रचनेतून तीन नियम निघतात. पहिला असा की बेसमध्ये पाणी, गुलाबपाणी, दूध, कोरफडीचा ताजा गर किंवा वनस्पतींचा काढा घालू नये. पाणी वाढले की परिरक्षकाचे प्रमाण घटते, आणि दूध, गर व काढा हे तर जंतूंचे अन्नच होय. असा माल वरून स्वच्छ दिसत असतानाही आतून बिघडलेला असू शकतो. दुसरा नियम मिठाचा. मीठ घातल्याने द्रव काही मर्यादेपर्यंत घट्ट होतो. मर्यादा ओलांडली की तोच द्रव एकाएकी पातळ होतो व पुन्हा घट्ट होत नाही. तिसरा असा की चंदनाची भुकटी, हळद किंवा मुलतानी माती यांसारखी न विरघळणारी चूर्णे तळाशी बसतात. ती उटण्यात शोभतात, येथे नव्हेत.

सुगंधाची निवड

प्रस्तुत लेखकाने पहिला प्रयोग केला तेव्हा दुकानातील गुलाबाचे अत्तर सरळ बेसमध्ये ओतले होते. संध्याकाळी पन्नास बाटल्या भरल्या, त्यांचा वासही उत्तम होता. चैत्राच्या उन्हात आठवडा जातो न जातो तोच द्रव गढूळ झाला आणि प्रत्येक बाटलीच्या गळ्याशी तेलाचे कडे दिसू लागले. विकलेल्या बाटल्या परत घेऊन पैसे द्यावे लागले. पैशांपेक्षा अधिक दुःख याचे झाले की वडिलांच्या वेळेपासून येणाऱ्या ग्राहकाने बाटली परत करताना तोंडाने काही न बोलता ती फळीवर नुसती ठेवून दिली.

चूक कोठे झाली ते नंतर कळले. पारंपरिक अत्तर चंदनतेलावर धरलेले असते आणि हल्लीचे स्वस्त अत्तर बहुधा दुसऱ्या एखाद्या तेलकट द्रावणात मिसळलेले असते. तेल व पाणी यांचे सख्य होत नाही. बेसमधील फेसकारी द्रव्ये थोडे तेल सामावून घेतात, अधिक झाले की ते वेगळे पडते. यास्तव सुगंध घेताना ‘शॉवर जेलसाठी’ असे स्पष्ट सांगूनच घ्यावा. तरीही द्रव गढूळ झाला तर पॉलिसॉर्बेट २० नावाचे विद्रावक सुगंधाच्या दुप्पट किंवा त्याहून थोडे अधिक वजनाने घेऊन, प्रथम ती दोन्ही एकत्र ढवळून मग बेसमध्ये घालावीत.

प्रमाण किती असावे? अंग धुऊन टाकण्याच्या मालात दर १०० ग्रॅमला अर्धा ते एक ग्रॅम सुगंध हे व्यवहारात रूढ असलेले प्रमाण होय. परंतु प्रत्येक सुगंधाची कमाल मर्यादा निराळी असते. १९७३ साली स्थापन झालेली ‘इफ्रा’ ही सुगंध उत्पादकांची आंतरराष्ट्रीय संस्था या मर्यादा ठरविते. तिच्या वर्गीकरणात अंगास लावून धुऊन टाकण्याचा माल नवव्या वर्गात येतो. सुगंध पुरविणाऱ्या पेढीकडून इफ्रा-प्रमाणपत्र मागावे व त्यात नवव्या वर्गापुढे दिलेला आकडा पाहावा. ते देण्यास जो टाळाटाळ करील त्याचा सुगंध कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. ‘नैसर्गिक आहे, त्यामुळे निर्धोक आहे’ या बोलण्यावरही विसंबू नये. दालचिनी व लवंग यांची तेले पूर्ण नैसर्गिक असूनही कातडीस झोंबतात. लिंबूवर्गीय तेले हवा लागून जुनी झाली की त्यांपासून त्वचेस ॲलर्जी होण्याचा संभव वाढतो.

आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक चौकशी आवश्यक आहे. कस्तुरी, जवादी व अंबर हे मूळचे प्राणिज सुगंध होत. आज या नावांनी विकले जाणारे बहुतेक सुगंध रासायनिक रीतीने बनविलेले असतात, तथापि ते गृहीत न धरता पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.

रंगाविषयी

रंगाने माल स्वच्छ होत नाही व सुवासिकही होत नाही. तो केवळ डोळ्यांसाठी असतो. म्हणून या बाबतीत धोका पत्करण्याचे कारणच नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या आय.एस. ४७०७ या मानकाच्या पहिल्या भागात प्रसाधनांसाठी मान्य रंगांची यादी दिलेली आहे, तर दुसऱ्या भागात वर्ज्य द्रव्यांची. रंगाच्या पुडीवर त्याचा ‘सी.आय.’ क्रमांक असतो, तो या यादीशी ताडून पाहावा. उदाहरणार्थ, पिवळा टार्ट्राझिन हा सी.आय. १९१४० आणि ब्रिलियंट ब्लू हा सी.आय. ४२०९०. या दोहोंच्या मिश्रणातून वाळ्याच्या सुगंधास शोभणारा हिरवा रंग मिळतो.

कापडाचा, गुलालाचा किंवा क्रमांक नसलेला कोणताही रंग वापरू नये. ऱ्होडामीन-बी हा भडक गुलाबी रंग खाद्यपदार्थांत आढळल्यावरून मार्च २०२४ मध्ये कर्नाटक शासनाने गोबी मंचुरियन व साखरेच्या कापसी मिठाईतील कृत्रिम रंगांवर बंदी घातली, हे आपणांस स्मरत असेल. जो रंग दिसण्यास सुंदर व दराने स्वस्त, तो प्रथम संशयास्पद मानावा. किराणा दुकानातील खाण्याच्या रंगाच्या डबीत अनेकदा मीठ मिसळलेले असते, त्यामुळे तिच्यातील खऱ्या रंगाचे प्रमाण कळत नाही. आणि कारमाईन, सी.आय. ७५४७०, हा लाल रंग कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढतात. आपल्यापैकी कोणीही तो जाणून वापरणार नाही, परंतु क्रमांक न वाचल्यास तो अजाणता वापरला जाईल.

नैसर्गिक रंगांतही पारख लागते. हळदीस चुना लागला की तिचे कुंकू होते हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. अल्कधर्मी द्रवसाबणातही तसेच घडून पिवळा रंग तांबूस होतो. शिवाय उजेडात हळद लवकर फिकी पडते. सुगंधही रंग पालटतो. व्हॅनिलिन असलेले गोडसर वास द्रवास कालांतराने तपकिरी करतात, तर मोगरा-चमेलीच्या वासातील इंडोल त्यास तांबूस छटा आणते. म्हणून सुगंध घालून काही दिवस वाट पाहावी, आणि मगच रंग ठरवावा.

प्रत्यक्ष कृती

प्रथम केवळ १०० ग्रॅमचा नमुना करावा. ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा छोटा तराजू हे या कामातील पहिले भांडवल होय. थेंब मोजून केलेला माल दुसऱ्यांदा तसाच होत नाही. १ ग्रॅम रंग ९९ ग्रॅम शुद्ध, म्हणजे डिस्टिल्ड, पाण्यात विरघळवून रंगाचे द्रावण करावे. ते रोज ताजे करावे, कारण त्यात परिरक्षक नसते. नंतर पुढील क्रम पाळावा.

१०० ग्रॅम बेस न तापविता स्वच्छ भांड्यात घ्यावा. ०.६ ग्रॅम सुगंध व लागल्यास १.२ ग्रॅम पॉलिसॉर्बेट २० वेगळ्या वाटीत एकजीव करून बेसमध्ये सोडावे. सावकाश, एकाच दिशेने ढवळावे. जोराने घुसळल्यास हवेचे बुडबुडे अडकून माल दुधाळ दिसतो. मग रंगाचे द्रावण ०.२ ग्रॅम घालावे. भांडे झाकून रात्रभर ठेवावे. सकाळी बुडबुडे वर येऊन गेलेले असतात. तेव्हा स्वच्छता, घट्टपणा व पीएच-पट्टीवरील आकडा वहीत लिहावा. माल पातळ झाला असेल तर एकदम मीठ टाकू नये. सुगंध थोडा कमी करून नवा नमुना करावा, किंवा बेस देणाऱ्यास त्यात आधी किती मीठ आहे ते विचारावे.

नमुना उतरला म्हणजे तेच प्रमाण १० किलोस लावावे : सुगंध ६० ग्रॅम, विद्रावक १२० ग्रॅम, रंगाचे द्रावण २० ग्रॅम. भांडी, पळ्या व बाटल्या धुऊन पूर्ण कोरड्या कराव्यात. बाटलीच्या तळाशी राहिलेले पाण्याचे चार थेंबही मालास बाधक आहेत. प्रत्येक घाण्यास क्रमांक द्यावा. बेसच्या कॅनचा क्रमांक, सुगंधाचा क्रमांक, वजने व तारीख वहीत नोंदवावी आणि त्या घाण्याची एक बाटली न विकता स्वतःपाशी ठेवावी. तक्रार आली तर हीच बाटली आपली साक्षीदार.

विक्रीपूर्वी परीक्षा

नमुन्याच्या तीन बाटल्या कराव्यात : एक अंधाऱ्या कपाटात, दुसरी खिडकीच्या उन्हात, तिसरी घरातील सर्वांत उष्ण जागी. आपल्या कलबुर्गी व बिदर भागात उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो आणि पत्र्याच्या छपराखाली त्याहूनही अधिक. तेव्हा जो माल उन्हाळा सोसणार नाही तो आपल्या पेठेत विकण्याजोगा नाही. आठवड्यास एकदा तिन्ही बाटल्या शेजारी ठेवून रंग, वास, घट्टपणा व थर पाहावा. निदान तीन महिने हा क्रम चालवावा. धीर धरवत नाही हे खरे, पण तीन बाटल्यांचे नुकसान सोसणे तीनशे बाटल्या परत घेण्यापेक्षा बरे.

घरातील एखाद्या प्रौढ व्यक्तीने मनगटाच्या आतील बाजूस लावून धुऊन पाहणे ठीक आहे, परंतु ती सुरक्षिततेची खात्री नव्हे. एकाच्या त्वचेस मानवलेले दुसऱ्याच्या त्वचेस मानवतेच असे नाही. मुलांवर तर असा प्रयोग कधीही करू नये. जंतूंची तपासणी घरी होत नाही. ती मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच करून घ्यावी. उत्तर प्रदेशातील कनौज येथे १९९१ साली स्थापन झालेल्या सुगंध व सुरस विकास केंद्रात लहान उद्योजकांस या विद्येचे शिक्षण मिळते. तरुण सभासदांपैकी कोणी तेथे जाऊन शिकून आल्यास त्याचा लाभ सर्वांस होईल.

कायद्याची बाजू

१९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात ‘उत्पादन’ या शब्दाची व्याख्या फार व्यापक आहे. विक्रीच्या हेतूने माल बनविणे एवढेच नव्हे, तर त्यात बदल करणे, तो सजविणे, बाटल्यांत भरणे व चिठ्ठी लावणे हेही तीत येते. म्हणून ‘आम्ही काही बनवीत नाही, नुसता वास घालतो’ हा बचाव चालत नाही. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालेल्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून उत्पादनाचा परवाना घ्यावा लागतो. स्वतःची जागा नियमांत बसत नसेल तर परवानाधारक कारखान्याच्या जागेत माल करण्यासाठी ‘लोन लायसन्स’ची सोय आहे, अथवा अशा कारखान्याकडूनच आपल्या पसंतीचा सुगंध घालून माल तयार करून घ्यावा. बाटलीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घाण्याचा क्रमांक, घटकद्रव्ये व वापराची अंतिम तारीख हवी. त्याखेरीज २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे निव्वळ माप आणि कमाल किरकोळ किंमतही छापावी लागते. अर्ज करण्यापूर्वी जाणत्या सल्लागाराकडून चालू नियमांची खात्री करून घ्यावी.

चिठ्ठीवरील शब्दांतही संयम असावा. एक थेंब चंदनाचा वास घातलेल्या मालावर ‘शुद्ध चंदनयुक्त’ लिहिणे हे खोटे माप देण्यासारखेच आहे. ‘चंदनाचा सुगंध’ एवढे लिहावे. खाज, पुरळ वा नायटा बरा होईल असा दावा तर मुळीच करू नये. तो औषधाचा प्रांत आहे. आणि उतारूंच्या खोल्यांस माल देताना एक विनंती चिठ्ठीवर अवश्य छापावी की हा द्रव न्हाणीघरातच वापरावा, संगमाच्या पात्रात नव्हे. ज्या नदीमुळे आपले गाव यात्रेकरूंनी भरते, तिच्यात आपल्याच दुकानाचा फेस वाहू नये.

समारोप

आपल्या वाडवडिलांनी या भागात जी पत मिळविली ती नव्या मालामुळे नव्हे, तर जो माल विकला त्याच्या खरेपणामुळे मिळविली. तराजूच्या पारड्याकडे ग्राहकाने न पाहता पैसे द्यावेत, अशी ती पत होती. द्रवसाबणाच्या व्यापारात ते पारडे ग्राहकास दिसतच नाही. आत कोणता रंग आहे, किती सुगंध आहे, पाणी वाढविले आहे की नाही, हे केवळ भरणाऱ्यासच ठाऊक असते. न दिसणारे माप खरे ठेवणे हीच या धंद्यातील खरी कसोटी आहे. जे सभासद बंधु-भगिनी या उद्योगात पडू इच्छितात त्यांनी अवश्य पडावे. मात्र प्रारंभ शंभर ग्रॅमने करावा, नोंद वहीत ठेवावी, आणि जी बाटली आपल्या घरच्या न्हाणीघरात ठेवण्यास आपण कचरू ती दुकानाच्या फळीवर ठेवू नये.